पाळीव प्राण्याचा डॉक्टर निवडताना

माणसांच्या डॉक्टरने या सदरात प्राण्यांच्या डॉक्टरविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण त्यामागे कारण आहे. पूर्वी आपल्या सातारा जिल्ह्यात कुत्रा अंगणात, गोठ्यापाशी नाहीतर रानातल्या वस्तीवर असे. भाकरीचा तुकडा खाऊन तो राखण करी. आता कराड, फलटण, वाई, कोरेगाव अशा गावांतही लॅब्रॅडोर, पॉमेरियन आणि जर्मन शेफर्ड बैठकीच्या खोलीत आले आहेत. मांजर तर पहिल्यापासून चुलीजवळचेच. मुले त्यांना कडेवर घेतात, त्यांच्या तोंडाला तोंड लावतात आणि एकाच गादीवर झोपतात. प्रेम वाढले ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर काही आजारही घरात सामाईक झाले, हे लक्षात घेतले पाहिजे.

रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, गजकर्ण आणि काही प्रकारचे जंत हे सर्व प्राण्यांकडून माणसाकडे येऊ शकतात. यांतील बहुतेकांना प्राण्यापाशीच अडवता येते आणि ते काम पशुवैद्यकाचे आहे. म्हणून ज्या घरात पाळीव प्राणी आहे, त्या घराला दोन डॉक्टर हवेत, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.

प्रत्यक्षात काय होते? पिल्लू आणताना जात, रंग, किंमत सगळे पाहिले जाते. डॉक्टर मात्र पाहिला जात नाही. मग एखाद्या रात्री पिल्लू उलट्या करू लागले की, ‘इंजेक्शन कोण देतो?’ म्हणून शोधाशोध सुरू होते आणि जो सापडेल तो डॉक्टर ठरतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे. प्राणी धडधाकट असतानाच डॉक्टर निवडून ठेवावा. तो कसा निवडावा, हे आज पाहू.

माणसांची औषधे प्राण्यांना नकोत

प्रथम एक धोक्याची सूचना. ‘डॉक्टर, कुत्र्याला ताप आलाय, आपली तापाची अर्धी गोळी देऊ का?’ असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

मुळात कुत्र्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त असते. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याच्या दृष्टीने नेहमीचेच तापमान. त्यामुळे हात लावून ‘अंग गरम लागते’ म्हणण्याला अर्थ नाही. दुसरी गोष्ट औषधांची. आपल्याकडे घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे. हे औषध निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची शक्ती फार कमी असते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड सुजते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

इतकेच काय, कुत्र्याचे औषध मांजराला चालेल याचीही खात्री नाही. कुत्र्याच्या गोचिडांवर लावायचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले, तर त्याला झटके येऊन ते दगावू शकते. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणूनच हे शास्त्र वेगळे शिकावे लागते.

पदवी आणि नोंदणी

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही असते. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. महाराष्ट्रात हे शिक्षण जुने आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या जिल्ह्यातही शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. त्यानुसार पशुवैद्यकाने परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद करते. दवाखान्याच्या पाटीवर किंवा चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. नसेल तर विचारावे. विचारण्यात अपमान काही नाही. चांगला डॉक्टर हसून क्रमांक सांगेल.

पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक गावोगाव फिरून गाई-म्हशींची मोठी सेवा करतात, याविषयी दुमत नाही. त्यांना काही ठरावीक प्राथमिक कामे पदवीधर पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करण्याची मुभा आहे. परंतु आजाराचे निदान, शस्त्रक्रिया आणि दाखला ही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच कामे आहेत. पिल्ले विकणारा, प्राण्यांचे खाद्य विकणारा दुकानदार किंवा ‘मला सगळे येते’ म्हणणारा ओळखीचा माणूस यांच्या हातून मात्र लस अथवा इंजेक्शन मुळीच घेऊ नये. औषधांच्या दुकानातून लस आणून घरीच टोचणेही तितकेच चुकीचे आहे.

दवाखान्याचा फ्रिज पाहा

मला विचाराल तर दवाखान्याच्या फरशीपेक्षा तेथील फ्रिज अधिक महत्त्वाचा आहे. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती उन्हात तापली तर निकामी होते, तशीच गोठली तरी निकामी होते. आणि निकामी झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते! सुई टोचली जाते, पैसे दिले जातात, कार्डावर तारीख पडते. संरक्षण मात्र मिळत नाही.

यासाठी चार साध्या गोष्टी विचाराव्यात. फ्रिजमध्ये तापमापक आहे का? वीज गेली तर काय सोय आहे? पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. लस घरी येऊन टोचणार असतील तर ती बर्फाच्या डब्यातून आणतात की खिशातून? आणि कुपी आपल्यासमोर उघडतात का?

कुपीवरचे लेबल कार्डावर चिकटवून घ्यावे. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी टोचल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असावा. नुसते ‘लस दिली’ असे लिहिलेले कार्ड उपयोगाचे नाही.

कुत्र्याच्या पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्रित लस सुरू करतात. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला देतात. त्यापुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दुसरा डोस आणि मग दरवर्षी. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो. तेव्हा ‘मांजराला कशाला लस?’ असे म्हणू नये.

डॉक्टर तपासतात कसे?

आत गेल्याबरोबर सुई काढणारा डॉक्टर आणि आधी तपासणारा डॉक्टर, यांत फरक करायला शिकावे. प्राण्याला बोलता येत नाही. त्यामुळे मालकाला प्रश्न विचारणे आणि हाताने तपासणे, हीच पशुवैद्यकाची मोठी साधने आहेत. काय खाल्ले, पाणी किती पितो, शी-लघवी कशी आहे, आधी कोणते औषध दिले, हे त्याने विचारले पाहिजे. वजन केले पाहिजे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. गुदद्वारातून तापमान पाहणे, हिरड्यांचा रंग पाहणे, छाती ऐकणे, पोट चाचपणे, कान आणि कातडी पाहणे, एवढे तरी व्हायला हवे. लस देण्यापूर्वीही ही तपासणी हवी. तापाने फणफणलेल्या पिल्लाला लस देऊन उपयोग होत नाही.

उदाहरण म्हणून गोचीड-ताप घ्या. गोचिडांमुळे एर्लिकिया, बबेसिया यांसारखे जंतू कुत्र्याच्या रक्तात जातात. कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. येथे रक्त तपासल्याशिवाय नेमके निदान होणे कठीण. अशा वेळी टॉनिकची बाटली देऊन घरी पाठवणारा डॉक्टर आणि ‘रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवू’ म्हणणारा डॉक्टर यांपैकी दुसरा निवडावा.

स्वच्छता हाही तपासणीचाच भाग आहे. एक प्राणी उतरल्यावर टेबल जंतुनाशकाने पुसतात का? सुई प्रत्येक वेळी नवी असते का? पार्व्होचे पिल्लू, म्हणजे रक्ताचे जुलाब आणि उलट्या होणारे पिल्लू, इतरांपासून दूर ठेवतात का? पार्व्होचा विषाणू चिवट असतो, जमिनीवर कित्येक महिने टिकतो. म्हणून लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू दवाखान्यात नेताना कडेवर अथवा टोपलीत न्यावे, फरशीवर सोडू नये.

शस्त्रक्रिया ठरली असेल, उदाहरणार्थ मादीचे गर्भाशय काढण्याची, तर भूल कोण देणार, भूल उतरेपर्यंत जवळ कोण बसणार, आधी किती तास उपाशी ठेवायचे आणि वेदनेसाठी काय देणार, हे आधी विचारावे. ही शस्त्रक्रिया केवळ पिल्ले नकोत म्हणून नसते. न केलेल्या माद्यांत, विशेषतः वय वाढल्यावर, माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आजार आढळतो. मादी खूप पाणी पिऊ लागली, खाणे कमी झाले, मागून स्राव येऊ लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

रात्रीची सोय आणि पुढे पाठवणारा डॉक्टर

आपल्या तालुक्यांच्या गावांत चोवीस तास उघडा दवाखाना मिळणे अवघड आहे, हे मान्य. पण रात्री फोन केला तर उचलतात का, स्वतः नसतील तर कोणाकडे जायचे ते सांगतात का, हे आधी विचारून ठेवावे. घरापासून किती लांब, रिक्षात किंवा मोटारसायकलवर मोठा कुत्रा नेता येईल का, याचाही विचार करावा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या शहरातील नामवंत डॉक्टरपेक्षा रोज भेटणारा गावातला साधा डॉक्टर बरेचदा अधिक उपयोगी पडतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना टाळण्याचे कारण नाही. तो मुख्यतः गुरे आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी असला, तरी कुत्र्या-मांजरांनाही तेथे पाहतात आणि खर्च कमी येतो. मात्र रेबीजची लस त्या दिवशी शिल्लक आहे का, ते विचारून जावे. खाजगी दवाखान्यात खर्च जास्त, म्हणून आधी अंदाज विचारावा. चांगला डॉक्टर ‘हे आज करायलाच हवे’ आणि ‘हे पुढच्या महिन्यात केले तरी चालेल’ असे वेगळे करून सांगतो.

‘हे माझ्या आवाक्यातले नाही, तुम्ही पुढे घेऊन जा,’ असे वेळेवर सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. मोडलेले हाड, अडलेली प्रसूती, पोटातील गाठ अशा प्रसंगी शिरवळच्या महाविद्यालयातील चिकित्सालयाचा किंवा मोठ्या शहरातील दवाखान्याचा आधार घ्यावा लागतो. तेथे जाताना आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि दिलेल्या औषधांची यादी बरोबर असावी.

रेबीज : दोन्ही डॉक्टरांचे काम

आता मुख्य मुद्दा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असे म्हटले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. रेबीजचा संशय असलेला प्राणी ज्यांना चावतो, त्यांच्यातील सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. मुले कुत्र्याशी खेळतात, ओरखडा घरी सांगत नाहीत. माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्यामुळे. म्हणून कुत्र्याला वर्षातून एकदा मिळालेली खरी, थंड ठेवलेली लस ही घरातल्या मुलांचेही संरक्षण करते.

पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. दुसरा प्रकार शांत असतो. कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले, आणि ते तोंडात हात घालतात. गाई-म्हशींतही असेच होते. काहीतरी अडकले म्हणून शेतकरी घशात हात घालतो. असे कधीही करू नये. प्राण्याला बांधून किंवा कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. लाळ अंगाला लागली असेल, तर माणसांच्या डॉक्टरलाही त्याच दिवशी भेटावे.

कुत्रा किंवा मांजर चावले, नखाने ओरबाडले अथवा जखमेवर चाटले, तर पुढीलप्रमाणे करावे :

१) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये.

२) त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरकडे जावे. जखमेला टाके घालण्याची घाई करू नये. पोटात १४ इंजेक्शने देण्याची जुनी लस २००५ पासून आपल्या देशात वापरात नाही. आता दंडात टोचायच्या पद्धतीत पाच डोस असतात : पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत टोचण्याच्या पद्धतीत दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. खोल किंवा रक्त आलेल्या जखमेत जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

३) चावलेला कुत्रा अथवा मांजर मारून टाकू नये, हाकलूनही देऊ नये. बांधून दहा दिवस लक्ष ठेवावे आणि पशुवैद्यकाला दाखवावे. दहा दिवस तो नीट राहिला, तर उरलेले डोस द्यायचे की नाही, हे आपला डॉक्टर ठरवील.

तिसऱ्या मुद्द्याचा पुष्कळदा उलटा अर्थ लावला जातो. ‘दहा दिवस कुत्र्याचे काय होते ते पाहू, मग इंजेक्शन घेऊ,’ असे म्हणतात. हे अत्यंत घातक आहे. इंजेक्शन पहिल्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्र्यावर नजर त्याच्या जोडीला ठेवायची. ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ म्हणून घरी बसणेही बरोबर नाही. ती लस कशी ठेवली होती, कधी टोचली, किती लागू पडली, हे कार्डावरून पूर्ण कळत नाही. कार्ड डॉक्टरांना दाखवावे, पण निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिसबाबतही दोन्ही डॉक्टरांची गरज पडते. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून हे जंतू साठलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. कुत्र्याच्या एकत्रित लसीत यावरचीही लस असू शकते. ती आहे का, हे विचारावे. ती या जंतूंच्या काहीच प्रकारांवर चालते, म्हणून कुत्र्याची लघवी धुताना हातमोजे घालावेत. आणि घरात कोणाला ताप, स्नायूंची ठणक, डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर ‘आमच्याकडे कुत्रा आहे’ हे आपल्या डॉक्टरला न विसरता सांगावे.

मालकाचीही कर्तव्ये आहेत

सगळा भार डॉक्टरवर टाकून चालणार नाही. दवाखान्यात कुत्रा साखळीने धरून आणि आवश्यक तर तोंडाला मुसके बांधून न्यावा. मांजर टोपलीत न्यावे. घरात दिलेली औषधे लपवू नयेत. आधी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असाल तर तेही सांगावे. लसीच्या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. जंतांचे औषध डॉक्टर सांगतील त्या वेळी द्यावे आणि कुत्र्याची शी मुले खेळतात त्या मातीत पडू देऊ नये.

ज्यांच्या घरी प्राणी आहे, त्यांनी येत्या रविवारी एवढे करावे. लसीचे कार्ड शोधून पाहावे. त्यावर रेबीजची तारीख वर्षाच्या आतील आहे का, लेबल चिकटवलेले आहे का, सही आणि नोंदणी क्रमांक आहे का, हे तपासावे. यातील एकही गोष्ट नसेल तर सोमवारी पशुवैद्यकाला भेटावे. त्यांचा फोन क्रमांक घरातल्या डॉक्टरच्या क्रमांकाशेजारी भिंतीवर लिहावा. मुलांनाही तो दाखवावा आणि सांगावे, ‘कुत्र्याने नुसते ओरबाडले तरी आम्हाला सांगायचे. कोणी रागावणार नाही.’